आधी सही, मग आवाज

तो फॉर्म मी अजून जपून ठेवलाय. पाठपोट दोन पानं, अकरा कलमं, आणि चौथ्या कलमात सलग सहा ओळींचं एकच वाक्य. राग ओसरलाय असं वाटलं की काढून बघते. लगेच परत येतो.

झालं असं. प्रौढांच्या वाचन-लेखन वर्गात मी ठरवलं, प्रत्येकाने स्वतःबद्दल आठ-दहा वाक्यं लिहायची, ती आपल्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करायची आणि मग ऐकत ऐकत कागदावर बोट फिरवत वाचायची. यात मी काही नवा शोध लावला नव्हता. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली तिथल्याच आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना लिहा-वाचायला शिकवलं, तेही त्यांच्याच रोजच्या तोंडच्या शब्दांपासून सुरुवात करून, आणि वर्ग होता जेमतेम ४० तासांचा. माणूस जे बोलतो तेच लिहून घ्यायचं आणि तोच त्याचा धडा करायचा, ही वाट चांगली मळलेली आहे. त्यात आता प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आलाय, एवढंच.

लिहिण्याचा भाग दोन आठवड्यांत उरकला. ‘माझं आयुष्य’ असला विषय मात्र देऊ नका, कागद कोरा परत येतो. ‘अंगावरचा एखादा व्रण कसा पडला’ एवढंच विचारलं आणि वर्गात बाह्या वर सरकल्या.

मग आला तो फॉर्म. रेकॉर्डिंग करायचं तर संस्थेच्या कार्यालयाचं संमतीपत्र हवं. हे मला मान्यच आहे, कुणाचाही आवाज विचारल्याशिवाय घेऊ नये. पण ‘सदर ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क मी विनाअट व कायमस्वरूपी प्रदान करीत असून’ हे वाक्य, जी माणसं ‘कमळ’वरून नुकतीच ‘क्रमांक’पर्यंत आलीत, त्यांच्यापुढे ठेवायचं? कार्यालयात गेले. “नमुना ठरलेला आहे. तुम्ही समजावून सांगा ना.” समजावू लागले, तर एका ताईंनी विचारलं, “उद्या मला वाटलं की काढून टाका, तर?” मी दोन्ही पानं चाळली. उत्तर कुठेच नव्हतं.

आणि एका काकांनी पेनलाच हात लावला नाही. “मॅडम, एकदा न वाचता सही केली होती. म्हणून तर वर्गाला आलो.”

मी घरी बसून सहा वाक्यांचा कागद तयार केला. खाली तीन चौकटी: वर्गात ऐकवायचं का, दुसऱ्या वर्गांना ऐकवायचं का, सगळ्यांसाठी खुलं करायचं का. प्रत्येकीपुढे हो किंवा नाही. शेवटी एक ओळ: ‘मी कधीही माझं रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगू शकतो/शकते.’ ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांना कागद वाचून दाखवायचा आणि त्यांनी तोंडी ‘हो’ म्हणायचं, तेही रेकॉर्ड करायचं, असं सुचवलं. कार्यालयाचा प्रश्न: “ऑडिओ फाइलला कसा लावणार?” फाइल म्हणजे दोरीची, पुठ्ठ्याची. मला हसू आलं, त्यांना नाही आलं.

पुढचे पाच आठवडे माझा कागद ‘टेबलावर’ होता. दर वेळी टेबल वेगळं. इकडे दोघांनी वर्ग सोडला. ज्यांना आपली गोष्ट तोंडपाठ झाली होती त्यांची ती शिळी झाली. तिसऱ्या आठवड्यात माझाच धीर सुटला आणि मी वर्गात म्हणून गेले, “करून टाका ना सह्या, काही होत नाही.” काकांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी विषय बदलला. ते आठवलं की अजून कान तापतात.

सुटका कशी झाली, तर एका शब्दाने. माझ्या कागदावर ‘नवीन संमतीपत्र’ असं शीर्षक होतं, आणि नवीन म्हटलं की मंजुरी, मंजुरी म्हटलं की बैठक. तिथल्याच एका कारकुनाने हळूच सांगितलं, “परिशिष्ट लिहा.” मी ‘परिशिष्ट’ लिहिलं, मूळ फॉर्मवर ‘कलम ४ परिशिष्टानुसार वाचावे’ अशी ओळ टाकली. दुसऱ्या दिवशी शिक्का! तुमचा कागद अडलाय? आधी त्याचं नाव बदलून बघा. आणि हे संमतीचं काम लिखाण सुरू व्हायच्या आधी करा, माझ्यासारखं नंतर नको.

रेकॉर्डिंग त्या मानाने सोपं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गोष्टीत रिंग वाजते. तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. रिकाम्या खोलीपेक्षा कपड्यांच्या, पडद्यांच्या खोलीत घुमत नाही.

एक अडचण मला आधी कळलीच नव्हती. कागद बघून वाचताना सगळ्यांचा आवाज सपाट होतो, बातम्या दिल्यासारखा. म्हणून दोनदा घ्या. आधी कागद पालथा ठेवून नुसतं सांगायचं, मग वाचायचं. सांगताना जो नवा शब्द येतो तो बहुतेक वेळा कागदावरच्यापेक्षा चांगला असतो, तो त्यांनाच लिहू द्या. शुद्धलेखन त्यानंतर, आणि अर्थ अडेल तिथेच.

हो, आणि पहिल्यांदा ऐकवताना सगळ्यांसमोर नको. “हा माझा आवाज नाही,” असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. एरवी आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला उरतो. हे सांगितलं की लाज थोडी कमी होते. पूर्ण जात नाही. एका ताईंनी आपलं तीनदा पुसलं, चौथं ठेवलं.

काकांनी सर्वात शेवटी केलं. गोष्टीच्या आधी त्यांनी परिशिष्टच फोनसमोर वाचून दाखवलं, ‘परवानगी’ला दोनदा अडखळत. मग पहिल्या चौकटीत हो, उरलेल्या दोन्हीत नाही, आणि खाली सही. त्यांच्या व्रणाची गोष्ट त्यामुळे चाळीस सेकंदांनंतर सुरू होते. मी विचारलं, सुरुवातीचा भाग कापून टाकू का?

“राहू द्या,” म्हणाले. “तेवढंच न अडखळता वाचलंय.”

मी परवानगीचं काही बोलले नाही.