तुम्ही विचारलंत म्हणून : ई-२० घालू का, मिस्त्री?

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल, उसासारख्या पिकांपासून काढलेलं अल्कोहोल, मिसळलेलं पेट्रोल. दिवसातून चारदा तरी हा प्रश्न येतो, म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो. ई-२०साठीच बनलेली नवी गाडी असेल तर बिनधास्त घाला. जुनी कार्बोरेटरची असेल तर रबरी नळ्या आणि वॉशर बदलून घ्या, कारण ते फुगतात. ॲव्हरेज थोडं पडणारच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते. जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्के घट येईल, असं नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच म्हटलंय.

यावर लगेच ऐकवतात, "तुम्ही इथेनॉलचीच बाजू घेणार, भावाचा ऊस कारखान्याला जातो." जातो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला सरकारनं मनाई केली, तेव्हा उसाच्या बिलाच्या काळजीनं आमच्या घरात कुणाला धड झोप नव्हती. लपवायचं काय त्यात? पण खोललेलं इंजिन हातात असताना मी ऊस आठवत नाही.

मला खुपतं ते वेगळंच. सगळे गाडीची तब्येत विचारतात. पेट्रोलमध्ये हात घालणाऱ्याची कुणी विचारत नाही. मीही कधी विचारली नव्हती.

दोन पावसाळ्यांपूर्वी चार महिने उघड्यावर उभी राहिलेली एक गाडी आली. झाकणाचं रबर गेलेलं, टाकीत पाणी उतरलेलं. इथेनॉल पाणी धरतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. काचेच्या बाटलीत काढलं की दोन थर वेगळे दिसतात. कॉक गंजून बसला होता. मी हाताखालच्या पोराला म्हटलं, "टाकी रिकामी कर." एकोणीस वर्षांचा पोरगा. त्यानं नळी टाकीत सोडली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. घोट आत गेला. खोकून खोकून डोळे लाल झाले. मी पाठीवर हात फिरवला. "पाणी पी, काही होत नाही. आम्ही आयुष्यभर हेच केलंय."

संध्याकाळी ताप चढला. रात्री श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, पेट्रोल छातीत गेलंय, फुप्फुसाला सूज आहे. सहा दिवस दवाखान्यात होता, पहिले दोन ऑक्सिजनवर. बाकड्यावर बसलेल्या त्याच्या आईनं विचारलं, "दादा, तोंडानं ओढायला तुम्हीच सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही, वहिनी."

खोटं नव्हतं ते. नळी तोंडात धर असं मी कधीच सांगितलं नाही. पण दोन वर्षं रोज मला तसंच करताना तो बघत होता.

'आम्हाला कुठं काय झालं?' हे मी कशाच्या जोरावर म्हणत होतो? १९९३ साली मी चौदा वर्षांचा असताना गॅरेजात लागलो. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्यानंच हात धुवायचो, त्यानंच चेन घासायची, कार्बोरेटरचा जेट तोंडानं फुंकायचा. शिसं मिसळायच्या कामात अमेरिकेत १९२४ सालीच कामगार मेले होते, तरी आपल्याकडे देशभर बिनशिशाचं पेट्रोल व्हायला २००० साल उजाडलं. सात वर्षं मी त्यातच होतो. शिसं हाडांत वर्षानुवर्षं राहतं म्हणतात. मी रक्त तपासलेलं नाही. धजत नाही, असंच म्हणा. आणि शिसं गेलं म्हणून पेट्रोल निर्धोक झालं असंही नाही. १ टक्क्याच्या आत का होईना, बेंझिन त्यात आहेच, आणि त्यानं कॅन्सर होतो.

मग इथेनॉल चांगलं की वाईट? माझंच मन रोज बदलतं. त्या टाकीत साधं पेट्रोल असतं तरी पोरानं तोंडानंच ओढलं असतं, हे मला कळतं.

आता खिळ्याला हातपंप टांगलाय. पोरगा बरा होऊन परत कामावर आला. त्याची आई बाजारात भेटते, "बरं आहे ना दादा?" म्हणून थांबते. ते 'नाही' मी अजून मागं घेतलेलं नाही.