आमची वाटचाल: ‘सारखं करा’पासून पुढे

संगणकाच्या पडद्यावर ज्या छोट्या चित्रांवर तुम्ही डबलक्लिक करता, ती चित्रं काढणं हा आमचा धंदा. ‘ती तर कंपनीतूनच येतात ना?’ हा ठरलेला प्रश्न. येतात, पण कुणीतरी काढलेलीच येतात. विंडोज एक्सपीचे शंभरावर आयकॉन ‘द आयकॉनफॅक्टरी’ या छोट्या अमेरिकी स्टुडिओने काढले होते. हे वाचलं तेव्हा आम्ही पुण्यात डीटीपी करत होतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं.

पहिलं काम शेजारच्याच सॉफ्टवेअरवाल्याचं. दुकानदारांसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम होता आणि मागणी एका ओळीची: ‘एक्सपीसारखं करा.’

त्यात गैर काही नाही. एक्सपीच्या आयकॉनवर उजेड वरून, डाव्या बाजूने येतो, कोपरे गोलसर, सावली मऊ. त्याच पडद्यावर उलट्या बाजूला सावली पडलेलं चित्र उपरं वाटतं. उजेड त्यांचा घ्यावाच लागतो. वस्तू मात्र आपली हवी. सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यात कॅल्क्युलेटर आणि डॉलरची नोट होती. (किराणा दुकानात डॉलर!) आम्ही लाल कापडी बांधणीची, दोरी गुंडाळलेली चोपडी सुचवली, लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडतात ती.

48 पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या 48 ठिपक्यांच्या रुंदीत, कापडाची सुरकुती, दोरीची गाठ, पानांची पिवळट कड, सगळं बसलं. 32 मध्ये गाठ गेली. 16 मध्ये तेच चित्र नुसतं लहान केलं तर विटेचा तुकडा दिसायला लागला. मग ते नव्याने, ठिपका ठिपका मांडून काढलं. तिरपी चोपडी सरळ उभी केली, दोरीची एका पिक्सेलची पांढरी रेघ ठेवली, पानांच्या कडेला दोन पिक्सेल दिले. दुकानातल्या दिवाणजींनी कुणी न सांगता बरोबर तिच्यावरच क्लिक केलं. तिथून कामं येऊ लागली.

अमेरिकी डिझायनर सुझन केअर यांनी ॲपलच्या 1984 च्या मॅकिंटॉश संगणकासाठी 32 बाय 32 च्या चौकटीत, फक्त काळ्या-पांढऱ्यात काम केलं; आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून. मॅकच्या कीबोर्डवरच्या कमांड कळीची खूण त्यांनी नव्याने रचली नाही, ती स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर असते. निवड त्यांची. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्हीही आधी आलेखाची वहीच देतो.

एक्सपीनंतर विंडोज व्हिस्टा आलं आणि 256 पिक्सेलचं चित्र द्यावं लागलं. काम वाढलं, दर तेवढेच राहिले. पुढे 2012 चं विंडोज 8 आणि 2013 चं आयफोनचं आयओएस 7 यांनी सगळं सपाट केलं. ‘सपाट चित्राला एवढे पैसे?’ असं ऐकून घेतलं. वास्तविक सावली गेली की सगळा भार बाह्यरेषेवर येतो; लपायला जागाच नसते. आता तयार संच फुकट मिळतात. ते घेऊन आलेल्या ग्राहकाला आम्ही एवढंच सांगतो, तुमचा आणि प्रतिस्पर्ध्याचा आयकॉन टास्कबारवर शेजारी ठेवा आणि तुमचा कोणता ते ओळखा.

मात्र नवेपणाचा हट्ट सगळीकडे चालत नाही. ‘सेव्ह’साठी फ्लॉपी नको, काहीतरी वेगळं द्या, असं नुकतंच एका तरुण ग्राहकाने सांगितलं. फ्लॉपी त्याने कधी हातात धरलेली नाही, पण त्याचे वापरणारे रोज तिच्यावरच क्लिक करतात. आम्ही फ्लॉपीच दिली. रेघेची जाडी तेवढी बाकीच्या संचाबरोबर जुळवून.