साखळीतला गेंडा

"हा काय, रानडुक्कर का?" पुण्याच्या सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळासमोर, भिंतीवरच्या एका शिल्पाकडे बोट दाखवत, हेरिटेज वॉकमधल्या एका आजोबांनी विचारलं. गाइड तोवर पुढच्या देवळाकडे निघाला होता.

आजोबा, तो गेंडा आहे. एकशिंगी. नीट बघा, त्याला साखळदंडानं जखडलंय आणि जखडणारे बंदुकवाले गोरे शिपाई आहेत. पुण्यात, पेशवाईत, देवळाच्या दर्शनी भिंतीवर!

देवळाचं काम १७५४ मध्ये सुरू झालं, मूर्तीची स्थापना १७७०ची. मधे १७५७ ला प्लासीची लढाई झाली, इंग्रजांनी बंगालच्या नवाबाला हरवलं. एकशिंगी गेंडा बंगाल-आसामकडचा. म्हणून बरेच अभ्यासक या शिल्पात इंग्रजांनी बंगाल गिळल्याची नोंद वाचतात. मला ते पटतं.

पण गाइड थांबत नाही. हेरिटेज वॉकच्या सकाळच्या दोन-तीन तासांत पाच-सहा देवळं बसवली की असंच होतं. कसब्याचा गणपती आणि तांबडी जोगेश्वरीला दर्शनाची रांग लागते, वेळ तिथेच जातो आणि कात्री लागते ती त्रिशुंडाला. खरं तर इथे किमान अर्धा तास हवा. आधी रस्त्यावरूनच दर्शनी भिंत खालून वर बघायची. मग आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. गाभाऱ्याच्या भिंतीवरचे शिलालेखही चुकवू नका: दोन संस्कृत, एक फारसी. गणपतीच्या देवळात फारसी लेख! आणि काळ्या दगडावरचं बारीक काम अंधारात दिसत नाही, टॉर्च हवाच.

एखादं देऊळ कमी झालं तर चालणार नाही का?