बिनखिडकीची लॅब

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारी वसईला, वसईकराच्या घरी जमलो होतो. एकेकाळी क्रूझ बोटीवर फोटोग्राफर म्हणून काम केलेले, अजून एकमेकांच्या संपर्कात असलेले आम्ही काही जण. जेवण, गप्पा, मग चहा, मग पुन्हा गप्पा. घरी यायला उशीर झाला, झोप येत नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

वहिनींनी जेवताना विचारलं, "एवढं जग बघितलंत, सगळ्यात जास्त काय आठवतं?" त्यांना वाटलं असेल, आता सेंट थॉमसचा निळा समुद्र नाहीतर अलास्कातला बर्फ येणार. आमचा तेव्हाचा लॅबमॅन मडगावकर घास तोंडात असतानाच म्हणाला, "लॅब." आणि आम्ही सगळ्यांनीच मान डोलावली. वहिनींना ते पटलं नाही. कसं पटावं? पण खरं आहे ते. बंदरं आम्हाला नुसती वारांची नावं म्हणून लक्षात आहेत. बोटीवर बुधवार-गुरुवार कुणी म्हणत नसे. आज कोझुमेल, म्हणजे परवा घरी जायचं मायामीला, मग नवे प्रवासी. ग्रँड केमनला धक्का नाही, बोट बाहेर नांगर टाकून उभी राहते आणि लोकांना छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात, म्हणून तो दिवस जरा वेगळा. बाकी किनाऱ्यावर आमची धाव बहुतेक वेळा फोनबूथपर्यंत. कॉलिंग कार्ड घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, घरी बोलायचं, आणि पळत परत.

लॅब मात्र रोजची. पाण्याच्या पातळीच्या आसपास, क्रूच्या मजल्यावर, खिडकी नसलेली एक अरुंद खोली. आत फिल्म धुण्याचं एक मशीन, प्रिंट काढण्याचं एक मशीन, आणि दोघांच्या मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. संध्याकाळी फॉर्मल नाइट. प्रवासी सूट-गाऊन घालून जिन्याजवळ, पडद्यांसमोर उभे राहणार आणि आम्ही एकामागून एक रोल संपवणार. रात्री साडेदहा-अकराला ते सगळे रोल खाली. कलर निगेटिव्ह धुण्याचं रसायन, म्हणजे डेव्हलपर, ३७.८ अंशांवर ठेवावा लागतो आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटं. तापमान जरासं हललं की रंग सरकलेच. जमिनीवरच्या लॅबमध्ये हे काही कठीण नाही. पण बोट हलायला लागली की टाक्यांतलं रसायन हिंदकळतं, आणि प्रिंटच्या मशीनमध्ये डेव्हलपरच्या शेजारीच ब्लीच-फिक्स या दुसऱ्या रसायनाची टाकी. त्यातले थेंब डेव्हलपरमध्ये उडाले की ती अख्खी टाकी बाद. रसायन उपसायचं, टाकी धुवायची, नवं भरायचं, ते तापेपर्यंत थांबायचं. आणि सकाळी साडेसातला विक्रीच्या बोर्डावर फोटो लागलेच पाहिजेत.

म्हणून खराब हवामानाचा अंदाज आला की मडगावकर टाक्यांची पातळी थोडी खाली आणायचा, मधे जाड फडकी कोंबायचा आणि गुडघ्याने मशीनला टेकून उभा राहायचा. कॅप्टनच्या आधी याला समजायचं, आज रात्री समुद्र चढणार. हे मी आज त्याच्या समोर म्हटलं तर तो नुसता हसला. पण मी मनापासून म्हटलं होतं. इतका चांगला लॅबमॅन मी नंतर मुंबईतल्या मोठमोठ्या स्टुडिओंतही पाहिला नाही.

अटलांटिक ओलांडून युरोपकडे जाताना तर आणखी एक त्रास. पूर्वेला जाताना दोन दिवसांत एकदा, कधी लागोपाठ, घड्याळ तासभर पुढे. म्हणजे आधीच तीनचार तासांची झोप, त्यातला तास गेला. वसईकर म्हणाला, त्या फेरीत त्याला मशीनच्या आवाजावरून कळायचं कागद कुठे अडकलाय, डोळे न उघडता.

मला आज एक गोष्ट ठामपणे लिहून ठेवायची आहे. आमच्या कामाकडे लोक 'फोटो विकायचं काम' म्हणून बघतात. विकायचं काम होतंच. पगार बराचसा कमिशनवर होता, महिन्याचा आकडा गाठला नाही तर ऑफिसात बोलावून घ्यायचे. पण त्या आकड्याखाली खरी फोटोग्राफी होती, आणि ती कुठल्या शाळेत मिळत नाही. गँगवेवर, म्हणजे बोटीतून धक्क्यावर उतरायच्या वाटेवर, सकाळी माणूस उतरतो. त्याला फोटो नको असतो, त्याला बीचवर जायचं असतं. तुमच्याकडे आठ-दहा सेकंद. तेवढ्यात नवराबायको भांडून आलेत का, आजोबांचा कुठला गुडघा दुखतोय, मुलगी आईच्या कुठल्या बाजूला उभी राहू बघतेय, हे ओळखायचं आणि त्यांना तसं उभं करायचं. हनुवटी जरा खाली, खांदा जरा आत, आणि ते हसण्याआधीच्या क्षणाला क्लिक. हसल्यानंतर उशीर झालेला असतो. वसईकराला हे जसं जमायचं तसं मला कधी जमलं नाही. तो माणसाच्या हातातली पिशवी आधी घ्यायचा. पिशवी गेली की माणूस सैल होतो, म्हणायचा.

आणि त्याआधी लेन्सचं पथ्य. एसीतून कॅमेरा घेऊन थेट कॅरिबियनच्या धक्क्यावर गेलात तर काच आतबाहेर धुरकट, पहिले वीस मिनिटं एकही फोटो नीट नाही. म्हणून कॅमेऱ्याची बॅग तासभर आधी गँगवेच्या दारापाशी नेऊन ठेवायची. अलास्कातल्या जुनोला उलट, तिथे पाऊस. तिथे अंगातल्या जॅकेटखाली कॅमेरा.

बोटीवर आम्ही फक्त फोटोग्राफर नसायचो हेही घरच्यांना सांगावं लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे धोक्याचा इशारा, वाजला की प्रत्येकाची ठरलेली जागा. माझी जिन्यावर, प्रवाशांना वाट दाखवायला. मडगावकराची मस्टर स्टेशनवर, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या ठिकाणी, लाइफजॅकेट कसं घालायचं ते दाखवायला. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा आम्ही सगळे कधीच घरी परतलो होतो, पण त्या रात्री टीव्हीसमोर बसून मी त्याच जिन्यांचा विचार करत होतो. कलत्या बोटीवर जिना चढणं काय असतं, याचा नुसता अंदाज करूनही अंगावर काटा येतो. त्यानंतर बोट सुटण्याआधीच ड्रिल घ्यायला लागले. आमच्या वेळी बोट सुटून दुसरा दिवस उजाडला तरी चालायचं.

वसईकर 'नॉर्वे' नावाच्या बोटीवर होता. तिचं मूळ नाव 'फ्रान्स', १९६२ मध्ये पहिल्या सफरीला निघालेली, तीनशे मीटरहून लांब. पुढे तिची क्रूझ बोट झाली. २००३ च्या २५ मेला मायामीच्या धक्क्यावर तिच्या बॉयलरचा स्फोट झाला, क्रूमधले आठ जण गेले. वसईकर तेव्हा दुसऱ्या बोटीवर होता. आज तो त्याबद्दल फार बोलला नाही. एवढंच म्हणाला की बातमी कळल्यावर त्याने आधी इंजिनवाल्या दोस्तांचे काढलेले फोटो बाहेर काढले आणि एकेक चेहरा बघत बसला. ती बोट पुढे आपल्याच देशात, अलंगला आली, मोडायला. सुप्रीम कोर्टात अॅस्बेस्टॉसवरून खटला झाला, मग तोडली. वसईकर तिला बघायला गेला नाही. जाऊ शकला असता, ट्रेनने एक रात्र.

क्रूच्या फोटोंचा विषय यावरूनच निघाला, आणि मग संध्याकाळपर्यंत तोच.

फॉर्मल नाइट संपली की पडदे आणि लाइट लगेच उतरवायचे नसत. मध्यरात्रीनंतर, मॅनेजरचा डोळा चुकवून म्हणा किंवा त्याने डोळा मिटला म्हणून म्हणा, क्रूमधली पोरं यायची. गॅलीतली म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातली, हाउसकीपिंगची, बारमधली. आपली पोरं खूप: वेंगुर्ल्याची, रत्नागिरीची, सावंतवाडीची, गोव्याची तर भरपूर. त्यांना घरी पाठवायला फोटो हवा असायचा, आणि बऱ्याचदा तो स्थळासाठी हवा असायचा. कॉन्ट्रॅक्ट संपवून सुट्टीला जाईपर्यंत घरचे दोनचार मुली बघून ठेवणार, मुलीकडच्यांना दाखवायला मुलाचा 'चांगला' फोटो पाहिजे. रोल आम्ही आमच्या पैशाने घ्यायचो.

वेंगुर्ल्याचा एक मुलगा मला नीट आठवतो. पॉटवॉशला होता, म्हणजे मोठमोठी भांडी घासायला. आंघोळ करून, केस चप्प बसवून आला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरून वसईकराचा ब्लेझर, खांद्यात थोडा मोठा. मागे टायटॅनिकच्या जिन्याचा पडदा, कारण त्या रात्री तोच लावलेला होता. तो हात सारखे मागे नेत होता. रसायनाने बोटं फाटली होती, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मी म्हटलं, एक हात खिशात, दुसरा खाली सोड, मी कमरेपासून वरचाच घेतो. तरी त्याने हात मागेच ठेवले. काढला तसाच. त्याच्या वहिनीचं पत्र आलं होतं, एक उभा पूर्ण फोटोही हवा. त्याच्यासाठी ब्लेझर काढून नुसत्या शर्टावर उभा केला.

लॅबमध्ये प्रिंट आली ती काळवंडलेली. प्रिंटरचं मशीन सगळ्या चित्राची सरासरी काढतं. पांढरा शर्ट जास्त दिसला की त्याला वाटतं चित्र फार उजळ आहे, मग ते सगळंच दाबतं, आणि गव्हाळ-सावळा चेहरा कोळसा होतो. मशीनचं रोजचं सेटिंग गोऱ्या प्रवाशांवर बेतलेलं. मडगावकराने डेन्सिटीची बटणं मारून दोन पायऱ्या उणे केलं, पिवळा थोडा वाढवला, पुन्हा प्रिंट काढली, लाइटखाली धरली, अजून एकदा काढली. मी म्हटलं झालं आता, तीन वाजले. तो म्हणाला, "अरे, मुलगी हा फोटो बघून हो नाहीतर नाही म्हणणार. त्याला गोरा नाही करायचा. तो आहे तसा दिसू दे." चौथी प्रिंट लागली. त्या रात्री बोर्डावर लावायच्या शेकडो प्रिंट बाकी होत्या, त्यातली एकही त्याने इतक्या वेळा काढली नाही.

सुट्टीवर जाणाऱ्या एकाबरोबर पाकीट मुंबईला गेलं, तिथून पोस्टाने वेंगुर्ल्याला. लग्न ठरलं. वसईकर गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी जाऊन आला. तो उभा फोटो ओटीवरून आत आल्याआल्या समोर लावलाय, टायटॅनिकच्या जिन्यासकट. त्यांची मुलगी आता कॉलेजात आहे, तिने वसईकराला विचारलं, बाबा या हॉटेलात कामाला होते का?

प्रवाशांचे न विकले गेलेले फोटो फेरी संपली की जायचे. पोती भरून. मला त्याचं सुरुवातीला फार वाईट वाटायचं. चांगले चेहरे, नीट काढलेले, नीट धुतलेले, आणि कुणी घेतले नाहीत म्हणून कचऱ्यात. काही लोक रोज बोर्डासमोर येऊन आपला फोटो बघून जायचे, घ्यायचे नाहीत. वीस डॉलर सगळ्यांच्याच खिशात नसतात. फुकट देण्याची आम्हाला परवानगी नव्हती. हा नियम मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. निदान शेवटच्या रात्री, फेकायच्या आधी, लोकांना नेऊ द्यायला काय हरकत होती? विक्री पडेल म्हणायचे. पडली असती थोडी.

मग डिजिटल आलं. दोन-तीन वर्षांतच टाक्या गेल्या, रसायनांचे ड्रम गेले, फिक्सरमधली चांदी गाळून काढायचा डबा गेला. आता तर चेहरा ओळखून फोटो आपोआप प्रवाशाच्या खात्यात जातो, बोर्डावर शोधावंही लागत नाही. सोय आहे, कागद वाचतो, पोती भरत नाहीत. त्यात वाईट काही नाही. फक्त रात्री तीन वाजता दोन माणसं एका चेहऱ्याकडे बघत 'अजून थोडा उजळ' म्हणत नाहीत, एवढं मला माहीत आहे.

चहानंतर वसईकराने आतून पत्र्याचा डबा आणला. क्रूच्या निगेटिव्हज. इतकी वर्षं त्याने जपल्या आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. खिडकीशी धरून बघितल्या. नारिंगी पट्ट्यांवर उलटे चेहरे, तरी ओळखू येत होते: हा बेकरीतला, हा आपला बारवाला, हा दिवसा झोपणारा नाइट क्लीनर. काही पट्ट्यांवर बुरशीचे ठिपके धरलेत. वसईची हवा. आणखी दोन पावसाळे त्या काढणार नाहीत.

ठरलं असं: स्कॅनर माझ्याकडे आहे, मी करणार. चेहरे आठवतात, नावं अर्धवट आठवतात, त्यामुळे नावांचं काम मडगावकराचं. त्याच्या ओळखीचे तारवटी, म्हणजे बोटीवर काम केलेले लोक, गोव्यात गावोगाव आहेत. ज्यांचा पत्ता लागेल त्यांना प्रिंट पाठवायची. मोबाईलवर नाही, कागदावर. मडगावकर म्हणाला, रंग तो स्वतः बघणार, माझ्यावर सोडणार नाही. ते मला मान्य आहे. पहिला रोल कुठला घ्यायचा यावर मात्र स्टेशनवर गाडी येईपर्यंत वाद चालला. वसईकर म्हणतो इंजिनवाल्यांचा. माझं म्हणणं गॅलीचा, कारण त्यालाच बुरशी जास्त लागली आहे. उद्या सकाळी त्याला फोन करून डबा मागवून घेतो.