आजोबांचं मेडल आणि रिबिनीवरची दोन भोकं

आमच्या गावच्या घरात एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. त्यात घरपट्टीच्या जुन्या पावत्या, आजीच्या चष्म्याची एक काडी आणि आजोबांचं मेडल. लहानपणापासून ऐकत आलोय की आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात पराक्रम केला म्हणून राणीने त्यांना मेडल दिलं. राणी कसली, तेव्हा राजा होता, सहावा जॉर्ज, मेडलवर त्याचंच तोंड आहे, पण एवढं निरखून कोण बघतंय. मागच्या बाजूला एक सिंह कशावर तरी पाय रोवून उभा आहे, काका सांगायचे की तो जर्मनीला तुडवतोय.

यंदा गणपतीत डबा काढला आणि टूथपेस्ट लावून मेडल घासलं (संग्रह करणाऱ्यांनो, शिव्या नका घालू, नंतर कळलं की असं घासायचं नसतं). कडेवर बारीक अक्षरात नंबर, आजोबांचं नाव आणि मराठा लाइट इन्फन्ट्री. फोटो काढून नेटवर शोधलं आणि पाच मिनिटांत घराण्याची सगळी हवा गेली. हे वॉर मेडल १९३९-४५. सिंहाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन आहे. आणि हे मिळायला २८ दिवस पूर्णवेळ नोकरी केली की पुरे, पराक्रमाची अट नाही. थोडक्यात हजेरीचं मेडल!

काकांना सांगितलं तर ते भडकले. म्हणाले, "तू जा की २८ दिवस, मग बघू."

मग मात्र मला नादच लागला. ब्रिटिशांची ही मेडलं म्हणजे लग्नातल्या पंगतींसारखी, मानाची पंगत वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. शौर्यासाठीचा मिलिटरी क्रॉस १९१४ साली काढला तो ऑफिसरांसाठी, मग १९१६ साली साध्या शिपायांसाठी मिलिटरी मेडल. म्हणजे एकाच खंदकातून दोघं उठले, एकाच मशीनगनवर धावले, तरी साहेबाला क्रॉस आणि शिपायाला मेडल. आपल्या लोकांसाठी तर आणखी निराळी मेडलं होती, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट तर कंपनी सरकारच्या काळातली, १८३७ ची. क्रॉस आणि मेडलचा हा भेदभाव ब्रिटनमध्ये १९९३ साली बंद झाला, इतक्या उशिरा!

ह्या सगळ्यात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सगळ्यात मोठा मान, तेवढा वेगळा. १८५६ साली सुरू झाला तेव्हापासूनच त्याला रँक बघायची नाही असं ठरलेलं. पण रँक नाही बघितली तरी जात बघितलीच ना, कारण हिंदुस्थानी शिपायाला तो मिळायची सोय झाली १९११ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी.

आणखी एक विचित्र नियम म्हणजे मिलिटरी क्रॉस मेलेल्याला मिळायचा नाही. माणेकशांचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल, १९४२ चा फेब्रुवारी, ब्रह्मदेशात सितांगच्या लढाईत पोटात गोळ्या घुसल्या होत्या, हा काही वाचत नाही असं वाटून त्यांचे वरिष्ठ अधिकारी कोवन ह्यांनी स्वतःच्या छातीवरची क्रॉसची रिबीन काढून त्यांना लावली असं सांगतात. जिवंत असेपर्यंत उरकून घ्या असा हिशोब. मरणोत्तर काय मिळायचं तर व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर डिस्पॅचमध्ये, म्हणजे सेनापतीने वर पाठवलेल्या लढाईच्या अहवालात, नुसता उल्लेख, मधलं काही नाही. हा नियम १९७९ पर्यंत होता.

म्हणूनच मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक (हा हुद्दा) यशवंत घाडगे ह्यांचं मला जास्त वाटतं. माणगावचा त्यांचा पुतळा आम्ही दर वेळी गाडीतून बघायचो आणि पुढे जायचो. ह्या वेळी उतरलो. गडी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, वय २२, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन चालली आणि ते सोडून सगळे मेले नाहीतर जखमी झाले. हे एकटे धावले. आधी ग्रेनेड टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गेले, मग टॉमी गनने आणखी एक मारला, आणि तिथे मॅगझीन संपलं. बदलायला वेळ नाही. तर बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने बडवून मारलं. ह्यानंतर स्नायपरच्या गोळ्या लागून ते गेले. शरीर सापडलंच नाही, नाव कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. त्याच इटलीत माँटोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलंय.

व्हिक्टोरिया क्रॉसवाले दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्याचे, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप नेणारा शिपाई. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेलं, मग परत येऊन मशीनगनची तीन ठाणी गप्प केली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत बाकीच्यांना बोलावलं. ते वाचले, १९८४ पर्यंत जगले. लंडनच्या राजाचा क्रॉस आणि ओरडले काय तर शिवाजी महाराज की जय, ह्यावर मी दोन दिवस विचार करतोय, अभिमान वाटतो आणि काहीतरी खुपतंही.

असो. डब्याकडे येतो. ते डिस्पॅचमधल्या उल्लेखाचं वाचलं तेव्हा कळलं की त्याची खूण म्हणून वॉर मेडलच्या रिबिनीवर ओक झाडाचं छोटं ब्राँझचं पान लावायचे. ताबडतोब डबा उघडला. पान नाही. पण रिबिनीवर मधोमध दोन भोकं आहेत! काका खुर्चीतून उठलेच, "बघ, पान पडलंय, मी सांगत होतो."

आत्या आतून भाजी निवडता निवडता म्हणाली, "ती भोकं माझी आहेत. चौथीत गॅदरिंगला शिपाई झाले होते, सेफ्टी पिनने फ्रॉकला लावलं होतं."

काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असे उल्लेख लंडन गॅझेट ह्या सरकारी राजपत्रात छापून यायचे आणि ते जुने अंक आता नेटवर आहेत, पण इंग्रजांनी आपल्या नावांची स्पेलिंगं कशीही लिहिलेली असतात. आमचं आडनाव चार स्पेलिंगांनी शोधून झालं. पाचवं आज जेवल्यावर.