फोन किती वर्षांनी बदलावा: आमच्या घरचा हिशेब

गोव्यातल्या डिचोलीत आमच्या घरात पाच फोन आहेत आणि त्यांची सगळी उस्तवार माझ्याकडे असते: कुठला दुरुस्त करायचा, कुठला विकायचा, नवीन कधी घ्यायचा. ‘दर दोन वर्षांनी बदला’ किंवा ‘बंद पडेपर्यंत वापरा’ असला सरसकट नियम मी ठेवत नाही. प्रत्येक फोनची एक तारीख काढते, आणि त्या तारखेपर्यंत दरमहा किती रुपये पडतात ते बघून पुढचं ठरवते. ही तारीख म्हणजे त्या फोनचे सिक्युरिटी अपडेट बंद होतात ती.

अपडेट दोन तऱ्हेचे असतात. अँड्रॉइडची पुढची आवृत्ती नाही आली तरी फारसं अडत नाही, थोड्या नव्या सोयी हुकतात एवढंच. सिक्युरिटी अपडेट म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या भोकांवर ठिगळ, आणि ज्या फोनमध्ये बँक आणि यूपीआय आहे त्यात ते हवंच. सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग अँड्रॉइड व्हर्जन उघडलं की शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. दोन-तीन महिने मागे असेल तर घाबरू नका, बऱ्याच मॉडेलना कंपन्या तिमाहीनेच अपडेट देतात. वर्षभर मागे असेल तर मात्र त्या फोनचं आयुष्य, निदान पैशांच्या व्यवहारापुरतं, संपलं असं धरा.

हे घड्याळ फोन बाजारात आला त्या दिवसापासून चालू होतं. आपण कधी विकत घेतला याच्याशी त्याचा संबंध नसतो. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि नेमकं इथेच लोकांचे पैसे जातात. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, त्याला ७ वर्षांचे अपडेट आहेत, म्हणजे २०३० पर्यंत. गॅलेक्सी एस२४ जानेवारी २०२४ चा, त्यालाही ७ वर्षं. गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या स्वस्त फोनला ६ वर्षं मिळाली आहेत. आयफोनचा अनुभव बघायचा तर २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर आयओएस १८ पर्यंत चालले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ ला गळाले. आता समजा दिवाळीच्या सेलमध्ये गेल्या वर्षीचा फोन ५,००० रुपयांनी स्वस्त मिळतोय. त्याला एकूण ७ वर्षं असतील तर ६ उरतात, खुशाल घ्या. एकूण ३ असतील तर २ च उरतात, आणि ती सूट तुमच्या खिशातूनच गेलेली असते.

आता पैसे. २४,००० चा फोन धरू, आकडे ढोबळ आहेत. दोन वर्षं वापरून ९,००० ला विकला तर १५,००० भागिले २४, म्हणजे महिन्याला ६२५ रुपये. चार वर्षं वापरला, मधे २,५०० ची बॅटरी घातली, शेवटी ३,००० आले, तर २३,५०० भागिले ४८, महिन्याला ४९० च्या आसपास. पाच वर्षं ओढला, चार्जिंग पोर्टसाठी आणखी ८०० घातले आणि १,५०० च मिळाले, तर ४३०. म्हणजे दोनाच्या जागी चार वर्षं वापरल्याने महिन्याला १३५ वाचतात, चाराच्या जागी पाच केल्याने साठच. शेवटच्या वर्षासाठी अपडेट नसलेला फोन वापरायची जोखीम घ्यावी इतकी ही बचत मोठी नाही. पण अपडेट चालू असताना दोन वर्षांत फोन बदलणं, त्यातून तो हप्त्यांवर घेणं, हे मला अजिबात पटत नाही.

दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हाही प्रश्न याच आकड्यावर सुटतो. दुरुस्तीचा खर्च भागिले अपडेटचे उरलेले महिने. स्क्रीनला ७,००० सांगितले आणि ३० महिने उरलेत, तर महिन्याला २३३ पडले: करून घ्या. तीच स्क्रीन १२ महिने उरलेल्या फोनला ५८३ पडते, त्यापेक्षा नवा फोन परवडतो. अ‍ॅमोलेड स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली तर पैसे मोजण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. अशा रेघांसाठी काही कंपन्यांनी ठराविक मॉडेलची स्क्रीन फुकट बदलून दिली आहे.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘फोन म्हातारा झाला’ म्हणून आणलेल्या बऱ्याच फोनांत म्हातारी फक्त बॅटरी झालेली असते. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, एका दमात असो वा तुकड्यातुकड्याने. अ‍ॅपल आयफोन १४ पर्यंत ५०० सायकलला ८० टक्के क्षमता सांगतं, आयफोन १५ पासून १,००० सायकलला. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनांना ८०० सायकलची अट घातली आहे. रोज ८० टक्के वापर धरला तर ५०० सायकल सव्वासहाशे दिवसांत संपतात, म्हणजे दोन वर्षंही नाहीत. ८०० ला पावणेतीन वर्षं लागतात. म्हणून बॅटरीचा खर्च मी फोन घेतानाच तिसऱ्या वर्षाच्या नावावर मांडून ठेवते.

क्षमता कमी होण्यापेक्षा त्रास जास्त असतो तो बॅटरीतला विजेला होणारा रोध वाढण्याचा. बॅटरी २० टक्के दाखवते, कॅमेरा फ्लॅशसकट उघडला की एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज कोसळतं आणि फोन पटकन बंद. चार्जरला लावला की पुन्हा १८ टक्के दाखवतो. असं झालं की बॅटरी बदलायची, फोन नाही. आयफोनवर सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसते, सॅमसंगवर सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपच्या डायग्नॉस्टिक्समध्ये. ज्या फोनात अशी सोय नाही तिथे अ‍ॅक्युबॅटरी अ‍ॅप बऱ्याच चार्जिंगची सरासरी काढून अंदाज देतं. एकाच चार्जिंगवरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नका.

फुगलेली बॅटरी ही मात्र वाट बघण्याची गोष्ट नाही. फोन डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा. स्क्रीन आणि कडेच्या पट्टीमध्ये कुठे फट दिसते का, मागचं झाकण मध्यभागी उचललंय का, सपाट काचेवर स्क्रीन खाली करून ठेवला तर हलक्या बोटाने गरकन फिरतो का, ते बघा. तसं असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद, फोन स्विच ऑफ, आणि झाकण दाबून बसवायचा मोह टाळायचा. आतला थर फाटला तर पेट घेतो.

आपल्या गोव्यात फोन लवकर जातो तो खालच्या चार्जिंगच्या भोकातून. जून ते सप्टेंबर हवा ओलसर, किनाऱ्याजवळ तीत मीठ, त्यात स्कूटरवर रेनकोटच्या खिशातला फोन. यूएसबी-सी पोर्टमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा पिना. त्यांतल्या चार पिनांवर चार्जिंगचं व्होल्टेज येतं. ओलं असताना केबल लावली की त्या पिना आणि शेजारच्या पिना यांच्यात खारट थेंबातून करंट वाहतो आणि सोनेरी मुलामा खाल्ला जातो. टॉर्च आणि भिंग घेऊन बघितलं तर बाकीच्या पिना पिवळ्या आणि त्या नेमक्या काळ्या किंवा हिरवट दिसतात. मग फास्ट चार्जिंग जातं, केबल एका बाजूनेच लागते, शेवटी तीही लागत नाही.

म्हणून भिजलेल्या फोनला लगेच चार्जर नाही. पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटायचा, पंख्याखाली अर्धा तास तरी ठेवायचा, ओलाव्याची सूचना जाईपर्यंत थांबायचं, त्याला कधी पूर्ण दिवसही लागतो. तांदळात घालू नका, पीठ आणि कण आत जातात. हेअर ड्रायर नको. आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन) लिहिलं आहे म्हणून मिरामारच्या समुद्रात फोटो काढू नका, ती चाचणी गोड्या पाण्यात होते आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही. खाऱ्या पाण्यात पडलाच, तर फोनला तसं मानांकन असेल तरच गोड्या पाण्याने अलगद धुवा. आणि प्लास्टिकची पिशवी पावसापुरतीच ठेवा. नकाशा चालू असताना फोन तापतो, बाहेर गार पाऊस, पिशवीच्या आत घाम धरतो आणि तो थेट पोर्टमध्ये उतरतो.

केबल सैल लागते म्हणून पोर्ट बदलायला धावू नका. खिशातला कापूस प्लग आत टोचून टोचून तळाशी घट्ट बसवतो, मग प्लग पूर्ण आत जात नाही. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक चपटं करा, जिभेला न लागू देता कडेकडेने उकरा. नमद्यासारखा थर निघतो. सुई किंवा पिन नको, तिने पिना एकमेकींना चिकटतात.

बॅटरी असो वा पोर्ट, फोन उघडायचं काम मी दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत करते. एकदा उघडल्यावर कडेचं गोंद आणि सील नवं लावायला हवं, ते लावणार का हे आधी विचारून घ्या. लावलं तरी पुढे पाण्यापासून संरक्षण पहिल्यासारखं धरू नका. पणजी-मडगावची खेप घालण्याआधी सुटा भाग आलेला आहे का ते फोनवर विचारा, जुन्या मॉडेलचा भाग मागवावा लागतो. केंद्र सरकारच्या राइट टू रिपेअर पोर्टलवर, डिसेंबर २०२२ पासून, कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते.

५जी साठी फोन बदलावा का, हे हल्ली फार विचारतात. ४जी वर तुमचं काम होत असेल तर नाही. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत घरात रेंज येत नसेल तर आधी जुन्याच फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू करा. नवा घेणारच असाल आणि जिओ असेल, तर फोनला स्टँडअलोन (४जी च्या आधाराशिवाय चालणारं) ५जी आणि एन२८ बँड आहे ना ते पाहा. ७०० मेगाहर्ट्झचा तो बँड भिंतीतून जास्त आत येतो.

एका बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. घरातला अपडेट संपलेला फोन सासूबाईंना दिला जात नाही. ‘त्यांना काय, व्हॉट्सअ‍ॅप तर बघायचं’ असं म्हणून तो घरोघरी आईकडे किंवा आजीकडे जातो, आणि म्हापशाच्या बाजारात नारळवाल्याला क्यूआरवर पैसे देणारीही तीच असते. फसव्या लिंकवर बोट पडण्याची भीती तिथेच जास्त. तिला अपडेट चालू असलेला फोन द्या. जुना सिम आणि बँक काढून भजनं ऐकायला ठेवा.

बदलायचं ठरलं की क्रम चुकवू नका. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्या बाजाराच्या आदल्या दिवशी तर फोन अजिबात बदलू नका. नव्या फोनवर यूपीआय नोंदवलं की पहिले २४ तास बऱ्याच बँका ५,००० रुपयांच्या वर व्यवहार करू देत नाहीत, आयफोनवर काही बँकांत ही मुदत लांबते. नवीन सिम कार्ड काढून घेतलं तर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही नाही.

आधी जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स, आणि नव्या फोनवर दिसणारा क्यूआर जुन्याने स्कॅन करा. दोन्हीकडे वाय-फाय आणि लोकेशन चालू हवं. हे अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर चालतं. मग ऑथेंटिकेटरमधली (लॉगिनचे कोड देणारं अ‍ॅप) खाती एक्सपोर्ट करा, हे विसरलात आणि जुना फोन पुसला तर ती खाती उघडताना नाकी नऊ येतात. सिम सगळ्यांत शेवटी. यूपीआय नोंदणीचा एसएमएस तुमच्याच सिमवरून जातो, त्यामुळे रिचार्जमध्ये एसएमएस किंवा थोडा बॅलन्स हवा. दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलंच निवडा. नोंदणी अडकते ती बहुतेक या दोन कारणांनी. यूपीआय पिन जुनाच चालतो.

जुना फोन आठवडाभर तसाच ठेवते. बँकेची सगळी अ‍ॅप नव्यावर एकदा उघडून झाली की मगच पुसायचा: आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढायचं, आयफोनवर फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करायचं, मग फॅक्टरी रीसेट. उलट केलं तर फोन रीसेट होऊनही तुमच्या खात्याला बांधलेला राहू शकतो आणि घेणारा परत घेऊन येतो. हल्लीच्या फोनांत साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असते, रीसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते, तेव्हा फोटो परत निघतील म्हणून फोन कपाटात कुजवायची गरज नाही. बिल आणि खोका सोबत द्या, किंमत बरी येते. वापरलेला फोन घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि इंग्रजीत KYM, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक, १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा आधीच वापरात असलेला क्रमांक असं आलं, तर पैसे देऊ नका.