मंगळवारची सुट्टी

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज साताऱ्याजवळच्या लिंब गावची विहीर बघून झाली. मी आणि सासूबाई, दोघीच. साडेसातला घर सोडलं, बाराच्या आत परत, आणि सकाळी लावून ठेवलेल्या कुकरचा वरणभात जेवायला वेळेवर हजर.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन महिने होतील आता. पहिला महिना वाया गेला. साडेपाचला जाग यायची, मी सवयीनं कणीक मळायची, आणि डबा फक्त ह्यांचाच भरायचा आहे हे पोळ्या जास्त झाल्यावर लक्षात यायचं. सगळी कपाटं आवरून झाली. भेटेल तो विचारायचा, "आता दिवसभर काय करता?" एकोणतीस वर्षं काउंटरवर बसून दिवसभर काय करता, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

खरं तर बेत मोठे होते. काशी, दक्षिण भारत, जमलं तर चारधाम. ट्रॅव्हल कंपनीची चोपडी अजून फ्रिजवर आहे. पण सासूबाईंचे गुडघे दहा दिवसांच्या यात्रेला तयार नाहीत, अर्ध्या दिवसाला मात्र एका पायावर तयार. मग ठरवलं, जेवायला घरी परत येता येईल एवढंच लांब जायचं. आणि जायचं ते मंगळवारीच. नोकरीत असताना जे पाहिलं ते रविवारी पाहिलं, म्हणजे अख्ख्या साताऱ्याबरोबर पाहिलं. कासला फुलांपेक्षा गाड्याच जास्त बघितल्या. आडवारी सकाळी नऊ वाजता ही ठिकाणं कशी असतात, हे मला त्रेपन्न वर्षांत माहीतच नव्हतं.

एसटीत आमची जोडी मजेशीर असते. सासूबाई सत्त्याहत्तरच्या, त्यामुळे त्यांचा प्रवास फुकट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून तशी सवलत आहे. मला मार्च २०२३पासून बायकांना मिळणारं अर्धं तिकीट. ह्यांना पासष्टीपर्यंत पूर्ण. कंडक्टर आधार कार्ड मागतो तेव्हा सासूबाई ते अशा ऐटीत काढतात, जसा काही सातबाराच दाखवतायत.

फाट्यावर उतरलो, पुढे वडाप मिळालं. शेवटचा टप्पा पायी, उसातून. काही फडांत तोड झालेली, पाचट पसरलेलं. आंब्याला मोहोर आहे. एका बांधावरच्या बाईंनी हरभऱ्याचा डहाळा हातात दिला, पैसे घेईनात. सासूबाईंनी पाच मिनिटांत त्यांचं माहेर, सासर आणि एक लांबचं नातं शोधून काढलं.

विहिरीवर कुणी नव्हतं. पारव्यांची घुमघुम तेवढी. वरून पाहिलं की शिवलिंगासारखा आकार दिसतो, मोठी अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली लहान. मधे दगडी महाल, चक्क विहिरीच्या पोटात. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली, थोरल्या शाहूंच्या कारकिर्दीत. वर पाणी पाजायला आमराई होती म्हणतात. पायऱ्या उतरून मी एकटीच खाली गेले. शिलालेख वाचायचा प्रयत्न केला, निम्मा लागला. भिंतीवरचे सिंह बघितले. गारवा असा की बाहेर फेब्रुवारीचं ऊन आहे हे विसरायला झालं.

पण खरी विहीर वर होती, सासूबाईंपाशी. मी येईपर्यंत त्या काठावर मोटेच्या, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या कातडी पखालीच्या, जागा मोजत बसलेल्या. बारा मोटांची विहीर हे नाव मी लहानपणापासून ऐकतेय. मोट चालते कशी, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. त्यांनी डहाळ्याच्या काडीनं धुळीत काढून दाखवलं. ही धाव, उताराची. बैल विहिरीकडे पाठ करून उतारानं खाली निघाले की नाडा, म्हणजे जाड दोर, ताणतो आणि चाकावरून मोट वर येते. मोटेच्या सोंडेला बारीक दोर वेगळा, तो खालच्या कण्यावरून. मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, पडते, आपोआप पाणी ओतते. हात लावायला लागत नाही. मग बैल मागं मागं सरकत वर, मोट रिकामी खाली.

"आणि उतारावर आमचा दादा नाड्यावर बसायचा. मला बसू द्यायचा न्हाई. पोरीच्या जातीनं बसायचं न्हाई म्हणं."

"मग?"

"मग काय, तो जेवायला गेला की बसायची."

कोरेगावकडच्या त्यांच्या माहेरच्या विहिरीवर इंजिन आलं आणि मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. पुढं तिचं कातडं कुणी वहाणांना नेलं. एकोणतीस वर्षांत माझ्या कितीतरी रविवारच्या दुपारी ह्या बाईंशेजारी भाजी निवडण्यात गेल्या, आणि नाड्यावर बसणारी मुलगी मला आज भेटली. अर्थात रविवारी माझं लक्ष निम्मं सोमवारात असायचं, हेही खरं.

गेल्या मंगळवारी माहुलीचा संगम केला होता, कृष्णा आणि वेण्णेचा. तिथं शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. सासूबाईंनी आधी महाराजांच्या आई येसूबाईंच्या समाधीला हात जोडले, मग कुत्र्यालाही. पुढच्या खेपेला अजिंक्यतारा म्हणतेय. मंगळाईच्या देवळापर्यंत रिक्षा कितपत जाते ते विचारून ठेवायला हवं.

येताना राजवाड्यावर उतरून पाव किलो कंदी पेढे घेतले. खवा लालसर भाजलेला, साखर बेताची. दोन वाटेतच संपले.

संध्याकाळी हे आले. विहिरीचे फोटो बघितले, धाव आणि थारोळं ऐकून घेतलं, पेढा खाल्ला. मग जरा हिरमुसून म्हणाले, "मला पण ने की एकदा. रविवारी जाऊ."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "रविवारी न्हाई. रजा टाक."